रिकाम्या बाकांचा दोष मोबाइलला नको

संपादक महोदय,

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या सामन्यांना विद्यार्थी येईनासे झाले आहेत आणि तिकिटे पडून राहतात, अशा आशयाचा मजकूर आपल्या दैनिकात वाचला. ‘आजची मुले मोबाइलमध्ये गुंग’ हे त्यातले निदान सोपे आहे, पण अपुरे आहे. हे फुटबॉल म्हणजे अर्थातच अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचे. तिथल्या विद्यापीठांच्या तिकीट विभागांत काम केलेल्या आम्हा काही जणांचे मत असे की, विद्यार्थ्यांचा स्टँड रिकामा राहतो तो मुख्यतः तिकीट ज्या पद्धतीने विकले जाते तिच्यामुळे.

आधी आकड्यांकडे पाहू. सामन्यानंतर जाहीर होणारी उपस्थिती ही बहुतेक ठिकाणी विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची बेरीज असते. प्रवेशद्वारावर किती तिकिटे स्कॅन झाली हा आकडा निराळा असतो आणि तो सहसा कुणी आपणहून सांगत नाही. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने 2018 मध्ये सरकारी विद्यापीठांकडून हे स्कॅनचे आकडे मागवले, तेव्हा जाहीर उपस्थितीच्या सरासरी 71 टक्केच लोक आत आल्याचे दिसले. 2017 च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाच्या मैदानावर नेब्रास्काविरुद्धच्या सामन्याला जाहीर आकडा होता 39,933 आणि दारातून तिकीट दाखवून आत गेले 25,493. आपल्याकडे नाट्यगृहाबाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड आणि आत पासवाल्यांच्या खुर्च्या रिकाम्या, तसाच हा प्रकार.

आकडा फुगवण्याला नियमांचाही हातभार होता. कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या सर्वोच्च फुटबॉल श्रेणीत राहण्यासाठी दोन वर्षांतून किमान एकदा घरच्या सामन्यांची सरासरी 15,000 भरावी लागे, आणि ती विकलेल्या तिकिटांवर दाखवली तरी चाले. मग ईस्टर्न मिशिगनसारख्या विद्यापीठाने शीतपेय कंपनीच्या करारातून आलेल्या पैशाने आपल्याच सामन्यांची तिकिटे विकत घेतली. कागदोपत्री सारे नियमात बसत होते. 2023 मध्ये ही अट काढून टाकली गेली. उशिरा का होईना, बरे झाले.

आता विद्यार्थ्यांचे तिकीट. सामान्य प्रेक्षक खिशातून पैसे मोजतो, त्यामुळे न गेल्यास त्याचा जीव हळहळतो. विद्यार्थ्याचे तसे नसते. एक तर तिकीट फीमध्येच वसूल झालेले असते, किंवा ऑगस्टमध्ये सहा-सात सामन्यांचा गठ्ठा एकदम घेतलेला असतो. गठ्ठ्यात खरोखर बघावेत असे सामने दोन, फार तर तीन. उरलेले छोट्या विद्यापीठांना मोठी बिदागी देऊन बोलावून घेतलेले, पहिल्या पाऊण तासात निकाल लागणारे. त्या शनिवारी सकाळी झोप आणि सामना यांत निवड करताना विद्यार्थ्याला न जाण्याची किंमत शून्य पडते. गैरहजेरीचे मूळ इथे आहे.

मिशिगन विद्यापीठाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. अ‍ॅन आर्बरचे त्यांचे मैदान 1927 चे, क्षमता 1,07,601, आणि 1975 च्या नोव्हेंबरपासून करोनाचा 2020 चा हंगाम वगळता तिथे एक लाखाखालचा सामना झालेला नाही असे ते अभिमानाने सांगतात. विद्यार्थी उशिरा येतात म्हणून 2013 मध्ये त्यांनी विद्यार्थी स्टँडमधले आसन क्रमांक काढून टाकले आणि ‘आधी येईल तो पुढे बसेल’ असा नियम केला. जोडीला सीझन तिकीट, म्हणजे हंगामातल्या घरच्या सामन्यांचे एकत्र तिकीट, तीनशे डॉलरच्या घरात नेले. हेतू समजण्यासारखा होता, फसले ते वेगळ्याच कारणाने. आसन क्रमांक असताना आठ मित्र एकत्र बसण्याची खात्री होती. क्रमांक गेल्यावर आठही जणांनी तीन तास आधी रांगेत उभे राहायचे, नाहीतर विखरून बसायचे. सामना बघणे हा मित्रांसोबत दिवस घालवण्याचा भाग असतो, हे हिशेबात धरलेच नाही. त्यात 2014 चे वेळापत्रक असे की ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट आणि नोत्र दाम हे तिन्ही मोठे प्रतिस्पर्धी परगावी. घरी बघण्यासारखे फारसे उरले नव्हते, तरी किंमत चढीच. 2012 मध्ये 20 हजारांच्या वर असलेली विद्यार्थ्यांची सीझन तिकिटे 2014 मध्ये 12 हजारांच्या आसपास आली. त्याच सप्टेंबरात कोकच्या दोन बाटल्यांवर दोन तिकिटे अशी योजना झळकली आणि गाजावाजा होताच ती चूक म्हणून मागे घ्यावी लागली. ऑक्टोबरअखेर क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन पायउतार झाले. 2015 मध्ये किंमत 175 डॉलरवर आणल्यावर विद्यार्थी परतू लागले. मोबाइल 2012 मध्येही होते आणि 2015 मध्येही.

वेळेचा मुद्दा तर बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. सामना शनिवारी आहे एवढे महिनोन् महिने आधी ठरते, पण किती वाजता हे टीव्ही वाहिनी ठरवते. साधारण बारा दिवस आधी, आणि काही आठवड्यांत वाहिनीला तो निर्णय सहा दिवसांवर ढकलण्याची मुभा असते. शनिवारी अर्धवेळ काम करणारा किंवा प्रयोगशाळेत पाळी असलेला विद्यार्थी सोमवारी कळलेल्या वेळेवर शनिवारची सुटी कशी मागणार? अमेरिकेच्या दक्षिणेत सकाळी 11 चा किकऑफ (सामन्याची सुरुवात) म्हणजे सप्टेंबरच्या उन्हात अ‍ॅल्युमिनियमच्या बाकांसमोर उभे राहणे. घड्याळातला खेळ 60 मिनिटांचा असला तरी प्रत्यक्षात सव्वातीन ते साडेतीन तास जातात. चेंडू थांबतो, मैदानाच्या कडेला वाहिनीचा माणूस उभा राहतो, पंच त्याच्याकडे बघत कमरेवर हात ठेवतात, आणि घरी बसलेल्यांच्या जाहिराती संपेपर्यंत स्टँडमधली मुले घामाने निथळत वाट पाहतात. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सुटीत वसतिगृहे ओस पडतात आणि बरोबर त्याच शुक्रवारी-शनिवारी पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांचे सामने लावलेले असतात. मग बाके रिकामी दिसली की नवल कसले?

अंतराचे सांगायलाच नको. लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाचा संघ वर्षानुवर्षे पॅसाडेनाच्या रोज बोल मैदानावर खेळत आला, ते विद्यापीठापासून 40 किलोमीटरच्या आसपास. लॉस एंजेलिसच्या रहदारीत बसने जायचे म्हणजे सामन्याचा अख्खा दिवस.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही: दारावरची कोंडी. मेटल डिटेक्टर, पिशवीची तपासणी आणि स्कॅन मिळून माणशी आठ सेकंद धरा. एका रांगेतून तासाला 450, दहा रांगांतून 4,500. दहा हजार मुले किकऑफच्या अर्धा तास आधी दारात आली तर सामना सुरू होताना आत असतात 2,250. कॅमेरा तेव्हाच स्टँडवर फिरतो आणि ‘रिकामा विद्यार्थी स्टँड’ अशी बातमी होते. त्यात तिकीट मोबाइलवर आणि एका जागी हजारोंची गर्दी, त्यामुळे नेटवर्क बसलेले. तिकिटाचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, म्हणून स्क्रीनशॉट चालत नाही, आणि अ‍ॅप तर उघडत नाही. दाराशी एक मुलगा असा अडकला की मागची सारी रांग थांबते. तिकीट घरीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवले तर हे टळते. ही सूचना आदल्या दिवशीच्या संदेशात पहिल्या ओळीत हवी, ती सहसा शेवटी असते.

अलाबामा विद्यापीठाने वेगळा उपाय केला. 2018 मध्ये प्रशिक्षक निक सेबन यांनी रिकाम्या विद्यार्थी स्टँडबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि 2019 मध्ये अ‍ॅप आले: घरच्या सामन्याला हजेरी लावल्यास 100 गुण, सामन्याच्या चौथ्या म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत थांबल्यास 250. जास्त गुणांना पुढच्या महत्त्वाच्या सामन्यांच्या तिकिटांत प्राधान्य. कल्पना चतुर खरी, पण अ‍ॅप फोनची जागा ओळखते, माणसाची नव्हे. शिवाय विद्यार्थी कुठे आहे याचा माग विद्यापीठाने ठेवावा का, हा प्रश्न आम्हाला तरी अस्वस्थ करतो. बासष्ट-दहा असा निकाल लागणाऱ्या सामन्यात मुलांना शेवटपर्यंत बसवण्यासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा असे सामने कमी ठेवावेत.

चालणारी पद्धत आमच्या मते अशी. गठ्ठा ऐच्छिक ठेवा आणि प्रत्येक सामन्याचे तिकीट त्या आठवड्यात विद्यार्थ्याला स्वतः मागावे लागू द्या. मागणी सोमवारी उघडायची, बुधवारी रात्री बंद. गुरुवारी उरलेली जागा प्रतीक्षा यादीला. शुक्रवारी संध्याकाळी तरीही उरलेली शाळकरी मुलांच्या कुटुंबांना आणि गावकऱ्यांना स्वस्तात. मित्रांना गटाने मागता आले पाहिजे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात अनेक वर्षे एकजण मित्रांचे पास घेऊन तिकीट खिडकीवर जात आला, वरच्या वर्गाची पाळी सोमवारी आणि पहिल्या वर्षाची गुरुवारी. तिथला विद्यार्थी स्टँड देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे, हा काही योगायोग नाही. तिकीट मागूनही न आलेल्यावर नो-शोचा (गैरहजेरीचा) शेरा, तीन शेरे झाले की पुढच्या मोठ्या सामन्याला रांगेत शेवटी. मात्र शेरा लावायचा तर तिकीट परत करण्याची सोय किकऑफच्या दोन तास आधीपर्यंत हवी, नाहीतर तापाने झोपलेल्यालाच शिक्षा होते. विमान कंपन्यांसारखी जागांपेक्षा जास्त तिकिटे देण्याचा मोह काहींना होतो. शंभरातले तीस येत नाहीत म्हणून दहा हजार जागांवर तेरा हजार तिकिटे दिली आणि नेमका मोठा सामना निघाला, तर जिन्यांत मुले उभी राहतात आणि अग्निशमन अधिकारी दार बंद करतात. बाहेर राहिलेला तिकीटधारक विद्यार्थी पुन्हा येत नाही.

या विषयाचा आपल्या वाचकांशी थेट संबंध आहे तो फीपुरता. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात मराठी मुले मोठ्या संख्येने मास्टर्सला जातात. तिथे 2014 मध्ये सत्राला 75 डॉलरची क्रीडा फी लागू झाली आणि त्या बदल्यात घरच्या सामन्यांना विद्यार्थ्यांना मोफत प्रवेश मिळाला. त्या दराने चार सत्रांचे 300 डॉलर होतात. अशी फी अनेक विद्यापीठांत आहे. कुठे तिची वेगळी ओळ असते, कुठे ती ‘स्टुडंट सर्व्हिसेस’मध्ये मिसळलेली असते. पैसे भरून एकही सामना न पाहिलेली आपली मुले त्या नो-शोच्या आकड्यात आहेत. पालकांनी बिल उघडून ती ओळ शोधावी. मुलांनी सामन्याच्या आठवड्यात तिकीट मागावे, विद्यापीठाचे ओळखपत्र बरोबर न्यावे. पाठीवरची बॅग आत सोडत नाहीत, 12 बाय 6 बाय 12 इंचांपर्यंतची पारदर्शक पिशवी चालते. विद्यार्थी स्टँडमध्ये सगळे उभे असतात, बसायला मिळेल या आशेने जाऊ नये. आपले तिकीट बाहेरच्याला विकू नये. दारात ओळखपत्र मागतात आणि फरकाची रक्कम भरावी लागते. मराठी मंडळांचे गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रमही सप्टेंबर-नोव्हेंबरच्या शनिवारीच येतात, ते मात्र ज्याचे त्याने ठरवावे!

पुढे ही ओढाताण वाढणार आहे. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली; 2025-26 साठी मर्यादा विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची ठरली. टेनेसी विद्यापीठाने त्याआधीच तिकिटांवर 10 टक्के ‘टॅलेंट फी’ लावली होती. एवढा पैसा उभा करायचा म्हणजे विद्यार्थी स्टँडमधल्या मोक्याच्या जागा देणगीदारांना विकण्याचा विचार होणारच, आणि ‘नाहीतरी मुले येत नाहीत’ हा युक्तिवाद तयारच आहे. पण चाळिशीत सीझन तिकीट घेणारा माणूस बहुधा विसाव्या वर्षी त्याच मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडलेला असतो. ती जागा एकदा विकली की तो ग्राहक तयार होत नाही, आणि हा तोटा दहा-पंधरा वर्षांनी ताळेबंदात दिसतो, जेव्हा आजचे संचालक खुर्चीवर नसतात.

तेव्हा यापुढे आपण अशी बातमी छापताना जाहीर आकड्याशेजारी स्कॅनचा आकडा द्यावा, ही विनंती. बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठांना तो राज्याच्या सार्वजनिक नोंदी कायद्याखाली, आपल्या माहिती अधिकारासारखा, मागता येतो. अर्जात सामन्याची तारीख, विद्यार्थ्यांना दिलेली तिकिटे, त्यांतली स्कॅन झालेली तिकिटे आणि बाकीच्या प्रेक्षकांचे स्कॅन असे चार रकाने वेगळे मागावेत; नुसती ‘उपस्थिती’ मागितली तर जाहीर केलेलाच आकडा परत येतो. खासगी विद्यापीठांवर हे बंधन नाही.

आपले,
अमेरिकेतील विद्यापीठांच्या तिकीट विभागांत काम केलेले काही मराठी वाचक