बर्फातली वाट आणि आमची पाखाडी

प्रति,
मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत गुलमर्ग, औली, मनाली येथील बर्फाची छायाचित्रे आणि सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. त्या पाहून आमच्या राजापूर तालुक्यातलीही काही कुटुंबे दरवर्षी बर्फ पाहून येतात, आणि त्याला माझी काहीच हरकत नाही. मात्र गेल्या फेब्रुवारीत मुलीकडे नॉर्वेला गेलो असताना ऑस्लो शहराच्या उत्तरेस पसरलेल्या नॉर्डमार्का या जंगलात मी एक अख्खा दिवस काढला, आणि त्या दिवशी माझे लक्ष बर्फापेक्षा बर्फातल्या वाटांकडे अधिक गेले. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केल्यामुळे नकाशावरची वाट प्रत्यक्ष जमिनीवर कुठे गेली, हे शोधण्याची खोड मला निवृत्तीनंतरही सोडून गेलेली नाही. हे पत्र त्या खोडीपोटीच, आमच्या गावच्या पाखाडीसाठी, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या जुन्या पायवाटेसाठी लिहीत आहे.

शहरातल्या मेट्रोच्या पाच क्रमांकाच्या गाडीने शेवटच्या स्थानकावर, म्हणजे सोंग्सवान तलावापाशी उतरले की जंगल सुरू होते. पावसाळ्यात आपण एसटीत छत्री घेऊन चढतो तितक्या सहजपणे लहानथोर माणसे स्कीच्या उंच पट्ट्या आणि काठ्या घेऊन डब्यात उभी होती. (तिकडे ‘स्की’चा उच्चार ‘शी’ असा करतात, हे कळल्यापासून आमच्या सौभाग्यवतींना त्या खेळाचे नाव गंभीरपणे घेताच आले नाही.) तापमान उणे आठ होते. ‘बाबा, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर चालताना घाम येईल आणि थांबलात की तोच घाम गारठवेल,’ असे सांगून मुलीने माझ्या अंगावरचा एक स्वेटर उतरवायला लावला, आणि अर्ध्या तासात तिचे म्हणणे मला पटले.

क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे डोंगरमाथ्यावरून भरधाव घसरत येणे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तो चालण्याचाच एक प्रकार आहे. बुटाचे पुढचे टोक तेवढे पट्टीला अडकवलेले असते, टाच मोकळी राहते. पट्टी मधोमध किंचित कमानीसारखी उचललेली असते. भार दोन्ही पायांवर विभागलेला असेपर्यंत ती कमान बर्फाला धड टेकत नाही म्हणून पट्टी सरकते, आणि एका पायावर जोर देऊन मागे रेटा दिला की कमान दबून तिच्या तळाला लावलेले मेण बर्फाला धरते. आमच्याकडे होडी वाळूतून वर ओढताना खालच्या ओंडक्यांना तेल फासतात ते फक्त सरकण्यासाठी. येथे एकाच पट्टीला सरकायचेही असते आणि धरायचेही असते. त्यामुळे कोणते मेण लावायचे हे त्या दिवशीच्या थंडीवर ठरते, कडाक्याच्या थंडीला हिरवे, त्याहून कमी थंडीला निळे आणि शून्याच्या आसपास जांभळे किंवा लाल. हे सारे शास्त्र समजून घेऊनही तलावाभोवतीच्या सपाट वाटेवर मी तीनदा आडवा झालो. शेवटी पट्ट्या मुलीच्या स्वाधीन करून मी स्नोशूज बांधले. चिखलात फळी टाकून तिच्यावर उभे राहिले की पाय रुतत नाही, तेच तत्त्व येथे पायाला बांधलेले असते. पूर्वी त्यासाठी लाकूड वाकवून चौकट करीत, आता प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमची असते आणि तळाला दाते असतात. पाय जरा फाकवून चालावे लागते एवढेच. साठी उलटलेल्या माणसाला हे वाहन मानवते.

तेथून उल्लेवोलसेटर या जंगलातल्या विश्रांतिगृहापर्यंतची चढाची वाट साडेपाच किलोमीटरच्या आसपास आहे. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली स्प्रूसची झाडे, मधूनच सशाच्या पावलांचे ठसे, आणि पट्ट्या सरकल्याचा आवाज सोडला तर शांतता. स्कीची वाट रात्री यंत्र फिरवून दाबलेली होती. तिच्या कडेला पट्ट्यांसाठी दोन सरळ चऱ्या पाडलेल्या, आणि मधला रुंद भाग स्केटिंगच्या ढंगाने जाणाऱ्यांसाठी मोकळा. पायी चालणाऱ्याने या चऱ्यांवर पाऊल टाकायचे नाही, हा तिथला शिष्टाचार. नकळत एकदा माझा पाय पडला तेव्हा मागून येणाऱ्या आजीबाईंनी हसतमुखाने, पण थांबून मला बाजूला केले. झाडांच्या खोडांवर लाल रंगाची खूण असेल तर ती हिवाळ्यातली स्कीची वाट आणि निळी असेल तर उन्हाळ्यातली पायवाट, एवढे लक्षात ठेवले की भाषा न येणारा माणूसही चुकत नाही. चऱ्या पाडण्याचे काम करणारी संस्था १८८३ साली स्थापन झाली असून तिचे सभासद वर्गणी भरतात. देशभरातल्या पायवाटा आणि डोंगरातल्या झोपड्या सांभाळणारी दुसरी संस्था १८६८ची आहे. विश्रांतिगृहात कॉफीबरोबर दालचिनी घातलेला गरम पाव मिळाला, तोही चांगला होता.

मला खरे नवल वाटले ते कायद्याचे. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने कोणालाही पडीक रानातून, मग ते कोणाच्या का मालकीचे असेना, बारा महिने पायी जाण्याचा हक्क दिला आहे. लागवडीच्या जमिनीत मात्र जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असतानाच जाता येते आणि ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात मुळीच जाता येत नाही. घराच्या अंगणातून तर कधीच नाही. हे ऐकताना मला माझे लहानपण आठवले. भात कापून झाले, गुरे उनाड सोडली की मळ्यातून कोणीही कुठूनही जात असे आणि शेतकरी त्याला अडवीत नसे. तिकडे बर्फ पडल्यावर शेत मोकळे होते, आमच्याकडे कापणी झाल्यावर होत असे. फरक इतकाच, की त्यांनी ती रीत लिहून ठेवली. शिवाय ऑस्लोभोवतीच्या जंगलाची हद्द ठरवून त्यात बांधकामाला आळा घालणारा कायदा त्यांनी २००९ साली केला.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. गावनकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती शेत कसणाऱ्याला, फिरणाऱ्याला नाही. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६खाली दावा लावता येतो, तोही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमच्या वरच्या वाडीतून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, जाणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी जमीन विकत घेणाऱ्या एका परगावच्या गृहस्थाने तारेचे कुंपण घातले, तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर त्याची यथेच्छ निंदा केली आणि त्या निंदेतच सहा महिने गेले. हे कलम पाठ असलेला मीही त्या टपरीवरच होतो.

ही पाखाडी म्हणजे जांभ्याच्या घडीव चिऱ्यांच्या दीडएकशे पायऱ्या. शाळा, बाजार, लग्नाचे वऱ्हाड, शिमग्याची पालखी आणि शेवटची यात्रासुद्धा तिच्यावरूनच जात असे. गणपतीआधी गावकीने ठरवलेल्या दिवशी घरटी एक माणूस कोयती घेऊन यायचा आणि दुपारपर्यंत रान बेणून वाट मोकळी व्हायची. जो येत नसे त्याचा नारळ गावकी घेत असे. वाडीत डांबरी रस्ता आला ही चांगलीच गोष्ट झाली, आजारी माणसाला पूर्वी डोलीतून न्यावे लागे. पण त्यानंतर पाखाडी घाणेरी आणि रानमोडीने गिळली, काही चिरे कुंपणाच्या गडग्यांत गेले, आणि उरलेल्या खालच्या टप्प्यावर कोणत्याशा निधीतून सिमेंट ओतले गेले. जांभा पाणी जिरवतो. या सिमेंटच्या उतारावर आता आषाढात शेवाळ धरते आणि म्हातारी माणसे तिथे बसून उतरतात.

बर्फाळ, श्रीमंत देशाशी आमची तुलना कशाला, असे काही वाचक म्हणतील. यंत्राने चऱ्या पाडणे खर्चाचे आहे हे मान्य. झाडावर किंवा कातळावर रंगाची खूण करण्याला मात्र एक डबा पुरतो. आमच्याच तालुक्यातल्या बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी, कशेळी येथील कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, तेव्हापासून सड्यावर येणाऱ्यांचा राबता वाढला आहे; वाट न सापडल्याने कातळावर गाडी घालणारे पाहुणे मी स्वतः पाहिले आहेत. ग्रामपंचायतींनी गावनकाशातल्या तुटक रेषा डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळल्यावर, प्रत्यक्ष चालून तपासाव्यात, सापडलेल्या वाटेवर खुणा कराव्यात आणि शाबूत पायऱ्यांवर सिमेंट ओतण्याचे प्रस्ताव करू नयेत, अशी माझी विनंती आहे. हे काम करू इच्छिणाऱ्या कोणत्याही ग्रामपंचायतीला नकाशा वाचून द्यायला मी विनामूल्य येईन.

आपल्या दैनिकाने यासाठी आठवड्याला एक छोटा रकाना द्यावा आणि वाचकांनी आपापल्या गावच्या वाटेची सद्यस्थिती त्यात कळवावी. पहिली नोंद मीच देतो: वरची वाडी ते सडा, पायमार्ग, गावनकाशात दाखल, खालचा टप्पा सिमेंटने झाकलेला, मधल्या पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव मोडलेला, वरच्या पायऱ्या रानाखाली पण शाबूत, सड्याच्या तोंडाशी तारेचे कुंपण.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी