धर्माची गाय, पण दात मोजा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

विद्यापीठाने एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीशी करार केला, आता सगळ्या विद्यार्थ्यांना तिची महागडी पॅकेजेस फुकट वापरायला मिळणार, अशी बातमी परवा तुमच्या पेपरात फोटोसकट आली. फोटोत सगळे हसतायत. विद्यापीठाचे किती पैसे वाचणार ते बातमीत होतं, पण फुकट म्हणजे किती दिवस फुकट, पोरं पास होऊन बाहेर पडली की काय, कंपनीने उद्या मन बदललं तर काय, यातलं एक अक्षर नव्हतं, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी संख्याशास्त्र शिकवतो. असले दोन करार जवळून बघितलेत आणि पहिल्याच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीपण होतो, हे आधीच सांगून टाकतो.

मागे एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, सर, फाइल उघडत नाहीये. डिग्री हातात पडली, काही महिन्यांनी अकाउंट बंद झालं आणि त्याच्याबरोबर पॅकेजही गेलं. प्रोजेक्टसाठी तिने स्वतः फिरून तीनशे-साडेतीनशे लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती, रात्र रात्र बसून एंट्री केली होती, आणि आता पीएचडीच्या मुलाखतीत त्यातलंच थोडं दाखवायचं होतं तर स्क्रीनवर येतंय की लायसन्सची मुदत संपली आहे. काही पॅकेजच्या फाइली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात, लोकांनी खटपट करून तशी सोय केलेली असते, हिची नेमकी त्यातली नव्हती. शेवटी मी डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये बसून ती उघडली, सीएसव्ही केली, म्हणजे कुठेही उघडेल अशी साधी फाइल, आणि मेल केली. पण त्या सीएसव्हीत नुसते आकडे आले, लेबलं नाही. म्हणजे प्रश्न ७ ला उत्तर ३ आहे हे दिसतं, पण ३ म्हणजे 'कधीकधी' की 'क्वचित', ते गेलं. जुने कागद काढून तिने ते सगळं परत लावलं. फोनवर एवढंच म्हणाली, "सर, पण फाइल माझीच आहे ना?" यावर मी काय बोलणार होतो, गप्प बसलो.

धर्माच्या गाई आणि दात का गं नाही, असं आपल्यात म्हणतात, म्हणजे फुकटात मिळालेल्याची खोड काढू नये. पण ही गाय धर्माची नाहीच. कंपनी विद्यार्थ्याला आज जे फुकट देते ते उद्याचं गिऱ्हाईक तयार करायला देते, आणि यात चोरून काही नाही, १९९८ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठातल्या कार्यक्रमात बिल गेट्स चीनमधल्या पायरसीबद्दल बोलताना उघड म्हणाले होते की चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, सवय लागेल, मग पुढच्या दशकात कधीतरी वसुली कशी करायची ते बघू, अशा अर्थाचं. त्यांचा तो धंदा आहे, त्यांना नावं ठेवायची नाहीत. माझा राग आहे तो सवय लावायचं काम आपण आपल्या पगारात करून देतो याच्यावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

आणि सवय नुसती विद्यार्थ्यांना लागत नाही, डिपार्टमेंटला लागते. आधी लॅबमध्ये पॅकेज येतं. मग प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्याचे स्क्रीनशॉट येतात, मग पेपरात 'अमुक मेनूतून तमुक टेस्ट निवडा' असा प्रश्न येतो, आणि एक दिवस सिलॅबसमध्ये विषयाच्या जागी ब्रँडचं नाव छापलेलं असतं. एकदा ते छापलं की संपलं, कारण सिलॅबस बदलायला किती बैठका लागतात हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. त्यानंतर कंपनीने किंमत लावली तरी विद्यापीठ मुकाट्याने भरतं, दुसरं करणार काय.

कंपन्या मन बदलतात ही काही माझी शंका नाही, झालेलं आहे. गूगलने शिक्षणसंस्थांना अनलिमिटेड स्टोरेज दिलं होतं, जगभरच्या विद्यापीठांनी स्वतःचे मेल सर्व्हर बंद केले, माणसं दुसऱ्या कामाला लावली, सगळं तिकडे नेऊन ठेवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने सांगितलं की जुलै २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी, म्हणजे एक लाख जीबी. ऐकायला भरपूर वाटतं, पण चाळीस हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ असेल तर वाटून माणशी अडीच जीबी झाले, आणि त्यातच प्राध्यापक, त्यातच संशोधनाचा डेटा, त्यातच माजी विद्यार्थ्यांना 'आयुष्यभरासाठी' म्हणून दिलेली अकाउंट्स. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही शाळा-कॉलेजांच्या फुकट स्टोरेजला तशीच १०० टीबीची मर्यादा जाहीर केली. दोघांनी करार मोडला असं कुणी म्हणू शकत नाही, अटी बदलायचा हक्क त्यांनी आधीच लिहून ठेवलेला असतो, आपण वाचलेलं नसतं.

पैशाचं सोडा. जून २०२० मध्ये चीनमधल्या हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं मॅटलॅब, म्हणजे एका अमेरिकन कंपनीचं इंजिनिअरिंगच्या गणितांचं पॅकेज, बंद झालं, कारण अमेरिकन सरकारने त्या संस्थेचं नाव निर्बंधांच्या यादीत टाकलं होतं. तिथल्या मुलांनी काय केलं होतं? काही नाही. प्रोजेक्ट अर्धवट असताना टूल गेलं. त्यांच्या सरकारचं आणि अमेरिकेचं जे काय चाललंय ते चालू दे, पण सिग्नल प्रोसेसिंगची असाइनमेंट पूर्ण होणार की नाही हे दुसऱ्याच देशातल्या ऑफिसात ठरतंय, ही गोष्ट मला तरी स्वस्थ बसू देत नाही.

आता माझ्या विषयातलं एक सांगतो, थोडं किचकट आहे पण वाचा. एका वर्गात मी सहा आकडे दिले, २, ४, ७, ९, १२, १५, आणि पहिला चतुर्थक काढायला सांगितला, म्हणजे ज्याच्या खाली साधारण पाव आकडे येतात ती किंमत. लॅबमधल्या पॅकेजवर बसलेल्यांचं उत्तर आलं ३.५. एक मुलगा स्वतःच्या लॅपटॉपवर आर वापरत होता (संख्याशास्त्राचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर, खुलं म्हणजे आतला कोड कुणालाही बघता येतो), त्याचं आलं ४.७५. वर्गात गोंधळ. दोन्ही बरोबर आहेत, चतुर्थक काढायच्या एकापेक्षा जास्त पद्धती आहेत, एकट्या आरमध्येच नऊ दिलेल्या आहेत. तो मुलगा उठला, आरमधलं ते फंक्शन स्क्रीनवर उघडलं, कोड दाखवला, आर एरवी वापरतं ती पद्धत ७ बदलून ६ केली आणि ३.५ काढून दाखवलं. चार ओळींत विषय संपला. बाकीच्यांनी विचारलं, आमच्या पॅकेजमध्ये असं बघता येईल का? मॅन्युअल शोधलं, सूत्र सापडलं, हे कबूल करतो, लपवून ठेवलेलं नव्हतं. पण प्रोग्रॅम खरंच तेच सूत्र वापरतो का, हे बघायची सोय नाही, कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. विद्यापीठात मी वर्षभर मुलांना सांगतो की कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा, आणि प्रॅक्टिकलला सांगतो बटण दाबा आणि येईल ते उत्तर लिहा. बाहेरच्या ऑफिसात हे ठीक आहे हो, तिथे काम उरकायचं असतं.

हे दुखणं जुनं आहे. १९७० च्या दशकात एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीने युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, विद्यापीठांना नाममात्र पैशात दिली, तीही सोर्स कोडसकट, आणि ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी त्या कोडवर ओळीओळीला टीप लिहून वर्गात शिकवायला घेतलं. ज्ञानेश्वरी शिकवावी तसं. मग १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि लायसन्समध्ये अट आली, हा कोड वर्गात शिकवायचा नाही. लायन्स यांच्या टिपा झेरॉक्सच्या झेरॉक्स होऊन फिरत राहिल्या, त्या रीतसर छापून यायला १९९६ उजाडलं. ॲम्स्टरडॅममधले प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी शेवटी शिकवण्यासाठी युनिक्ससारखं स्वतःचं मिनिक्स लिहिलं, ते आलं १९८७ मध्ये, आणि त्या मिनिक्सवर हात बसवलेल्या हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली. म्हणजे एका अटीमुळे एवढं रामायण झालं. सुदैवाने टॅननबॉमना वेळ होता आणि जिद्द होती, आमच्याकडे दोन्हीची बोंब आहे, आम्ही आहे तेच मुकाट शिकवलं असतं.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं, नोकरीत हेच लागतं. बरोबर आहे, बऱ्याच ठिकाणी लागतं, आणि ज्याला लागेल तो आठवड्याभरात शिकतो, विषय येत असेल तर. उलटं होत नाही. मी स्वतः ज्या मेनूवर शिकलो तो मेनू आज कुठल्याच व्हर्जनमध्ये नाही. शिवाय एक गोष्ट मुलांना कुणी सांगतच नाही, शैक्षणिक लायसन्सवर पैसे घेऊन काम करायची परवानगी सहसा नसते. शिकता शिकता कुणाचं छोटं काम करून दिलं, चार पैसे मिळवले, की त्या पोराने अट मोडली, आणि त्याला पत्ताही नाही, कारण 'मला मान्य आहे' वर त्याने पहिल्याच दिवशी क्लिक केलंय. मी पण केलंय. कुणी वाचतं का ते?

विद्यार्थ्यांच्या माहितीचं काय होतं, यात मी खोल जात नाही, तो माझा विषय नाही. फक्त एवढं माहितीये की गूगल विद्यार्थ्यांचे मेल जाहिरातींसाठी स्कॅन करत होतं आणि आरडाओरडा झाल्यावर २०१४ मध्ये ते बंद केलं, आणि फ्रान्सच्या शिक्षण खात्याने २०२२ मध्ये ऑफिस ३६५ आणि गूगलच्या फुकट आवृत्त्या शाळांनी वापरू नयेत अशी भूमिका घेतली. फुकट ते पौष्टिक असं त्यांना तरी वाटलेलं दिसत नाही.

मी काही कट्टर नाही. आर शिकायला मला दोन वर्षं गेली, त्याचे एरर मेसेज वाचून अजून डोकं उठतं, अडलं तर फोन करायला कुणी नसतं, आणि माझ्या निम्म्या स्लाइड्समध्ये अजून त्या जुन्या पॅकेजचेच स्क्रीनशॉट आहेत. पॅकेज येऊ दे, आलंय तर वापरू. पण त्याच्या शेजारी पहिल्या वर्षापासून एखादं खुलं टूल शिकवा, सिलॅबसमध्ये ब्रँड नको, विषयाचं नाव लिहा, आणि प्रोजेक्ट जमा करून घेताना डेटा आणि लेबलं दोन्ही कुठेही उघडेल अशा फाइलमध्ये मागा, याला एक सर्क्युलर पुरतं, करार लागत नाही. आणि करारच करायचा असेल तर तो संपल्यावर पोरांना त्यांचं काम किती महिने बाहेर काढता येईल, हे एक वाक्य त्यात घालून घ्या, कंपन्यांना ते जड नाही, आपणच मागत नाही. तुमच्या बातमीदाराने पुढच्या वेळी फोटोच्या आधी ते वाक्य विचारलं तर बरं होईल.

कळावे,

एक प्राध्यापक (नाव छापू नये ही विनंती, सही करतानाच्या त्या फोटोत मागच्या रांगेत मीपण आहे)

ता.क. वाचकांची पत्रे वर्ड फाइलमध्येच पाठवा अशी तुमची सूचना वाचली. माझ्या ऑफिसच्या अकाउंटचं वर्ड आज सकाळपासून पुन्हा साइन इन करा म्हणतंय आणि पासवर्ड घेत नाहीये, म्हणून पत्र मेलमध्येच चिकटवलंय, चालवून घ्या.