काकू, तुमच्या पेन्सिलीच्या त्या टिंबासाठी

काकू,

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं, पण मला ते सगळ्यांसमोर द्यायचंय, कारण ज्या गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचेत ती मी कितीतरी वर्षं लपूनछपून करत होते. गेल्या महिन्यात माझी चौथी कादंबरी आली. प्रेमकथाच आहे, आणि पहिल्यांदाच कव्हरवर माझं खरं नाव आहे. आधीच्या तिन्ही टोपणनावाने होत्या हे फक्त तुम्हाला माहीत होतं.

तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही, मी दहावीत होते. डोंबिवलीत स्टेशनच्या मागच्या गल्लीतली तुमची लायब्ररी, एवढासा गाळा, आत तीन माणसं आली की चौथ्याने पायरीवर थांबायचं. दोन पुस्तकांची मेंबरशिप होती आमची आणि मी काउंटरवर ठेवताना खाली प्रेमकथा आणि वर जाडजूड ऐतिहासिक कादंबरी अशी ठेवायचे, मागे उभ्या असलेल्या कुणी ओळखीच्यांनी बघू नये म्हणून. तुम्ही रजिस्टरमध्ये एंट्री केली आणि परत देताना क्रम बदललात, प्रेमकथा वर आणि ऐतिहासिक खाली. बोलला काहीच नाहीत. मग पुढच्या वेळी ते पुस्तक परत आणलं तेव्हा मागचं पान उघडून तारखांची चिठ्ठी दाखवलीत, दोन्ही रकाने शिक्क्यांनी भरलेले, आणि म्हणालात, "ही तिसरी चिठ्ठी चिकटवलीये मी याला. तुझ्या त्या ऐतिहासिकला अजून पहिलीच आहे." मी तेव्हा फक्त मान डोलावली, पण ते शिक्के डोक्यातून गेले नाहीत. एवढ्या बायका हे वाचतायत, पुन्हा पुन्हा नेतायत, पुठ्ठ्याला तीनदा कापडी पट्टी लागलीये, म्हणजे यात काहीतरी आहे ना.

आणि ते टिंब. ज्या पुस्तकाचा शेवट गोड त्याच्या शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने बारीक टिंब काढून ठेवायचात. का, ते मला खूप नंतर कळलं. एक ताई यायच्या, त्यांच्या सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या आणि ताई रात्री तिथे बाकावर बसून वाचायच्या, त्या पुस्तक हातात घेतलं की एकच विचारायच्या, "शेवट नीट आहे ना?" तुम्ही कोपरा बघून सांगायचात. त्यांना गोष्ट सांगून टाकलीत असं कधी झालं नाही, फक्त भरवसा दिलात. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या करून ठेवलीये, गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशा देणारा हवा. मी ती वाचली तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही, मी तर ते टिंब बघत मोठी झालेय.

लोक म्हणतात शेवट आधीच माहीत असेल तर वाचायचं कशाला. काकू, मी आता हे ठामपणे सांगू शकते की शेवट माहीत असतो म्हणूनच हे लिहिणं अवघड आहे. दोघं एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानावर कळलेलं असतं आणि तरी त्याला दोनशे पानं धाकधूक वाटली पाहिजे. माझं पहिलं हस्तलिखित तुम्हाला दिलं होतं, फुलस्केपवर हाताने लिहिलेलं, नाडीने बांधलेलं. तुम्ही ते दहा दिवस ठेवून घेतलंत आणि परत दिलंत तेव्हा १४० नंबरच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "हे दोघं एक फोन का करत नाहीत?" बास. मी घरी येऊन रडले, कारण खरंच एका फोनमध्ये माझी अख्खी कादंबरी संपत होती, सगळा गैरसमज नुसता चिकटवलेला होता. तेव्हापासून नियमच आहे, दोघांना लांब ठेवणारी गोष्ट त्यांच्या स्वभावात किंवा परिस्थितीत असली पाहिजे, आईचं आजारपण असेल, कर्ज असेल, आधी एकदा पोळलेलं मन असेल, पण फोन करूनही सुटणार नाही अशी.

दुसरी खूण तुम्ही नायकाने तिचा हात धरला त्या ओळीशी केली होतीत. "आधी त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं का?" असं लिहिलेलं. आपण ज्या प्रेमकथा वाचत वाढलो त्यात बऱ्याच वेळा नायक मनगट पकडून ओढायचा आणि त्यालाच प्रेम म्हणायचे, मीही तेच उचललं होतं. आता माझे नायक आधी बघतात, आणि खरं सांगते, तो बघण्याचा क्षण लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि वाचणाऱ्या बायका मेसेजमध्ये त्याच क्षणाबद्दल लिहितात.

नायिकेच्या पगाराचंही तुम्हीच. "ही भाडं कुठून भरते?" त्यामुळे आता प्रत्येक कादंबरीची एक वेगळी वही असते आणि पहिल्या पानावर दोघांचे पगार, घरभाडं, घरी कोण कोण, कोणाला कोणती लोकल सोयीची, हे सगळं लिहिल्याशिवाय मी पहिला प्रसंग लिहायला घेत नाही. नंतर शेवटचा प्रसंग लिहिते, मग मधलं. रोजचं लिहिणं लोकलमध्येच होतं, जाता-येताना मोबाइलवर, तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर जास्त आणि उभी असेन तर नुसते संवाद, ऑफिस ते घर अशा दोन फेऱ्यांत सातआठशे शब्द, आणि रविवारी पहाटे पाच ते साडेसात ते सगळं वहीत हाताने पुन्हा उतरवते कारण हाताने लिहिताना खोटं वाक्य पटकन सापडतं. इंग्रजीत प्रेमकथा लिहिणाऱ्या बार्बरा कार्टलंड दुपारी सोफ्यावर पडून सेक्रेटरीला कादंबरी सांगायच्या आणि अशी सातशेच्या वर पुस्तकं झाली त्यांची, हे वाचून मीही फोनला बोलून लिहून बघितलं, पण गर्दीत "माझं तुझ्यावर" एवढं म्हटलं की आजूबाजूच्या चार बायका वळतात, शिवाय माझे संवाद मनात जास्त खरे येतात, म्हणून सोडलं. प्रत्येकीची सवय वेगळी. मूड येण्याची वाट बघणं मात्र कुणालाच परवडत नाही.

पण सगळ्यात मोठी मदत तुम्ही केलीत ती मी लिहिणं बंद करायला निघाले होते तेव्हा. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवली होती, सोबत चिठ्ठी, की भाषा चांगली आहे, आता काहीतरी गंभीर लिहा. घरीही तेच, हे टाइमपास कशाला. मी तुमच्याकडे आले, लायब्ररी बंद व्हायची वेळ होती, तुम्ही अर्धं शटर ओढलंत आणि कपाटातून ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' काढून दिलंत. म्हणालात, हा माणूस कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फिलॉसॉफीचा प्रोफेसर, आयुष्यभर प्रेमकथा लिहिल्या, १९४० ला रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, १९६२ ला पद्मभूषण मिळालं आणि कथा कशी रचायची याचं तंत्र लिहून काढलं, म्हणजे हे काम किती विचाराने करायचं असतं ते बघ. कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा फडके-खांडेकर वाद आम्हाला शाळेत दोन मार्कांना होता, तुम्ही तो मला पहिल्यांदा माणसांचा वाद म्हणून सांगितलात. आणि मग चंद्रकांत काकोडकरांची केस. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली त्यांची 'श्यामा' ही कथा, अश्लील म्हणून खटला झाला, हायकोर्टाने दोषी धरलं आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. "प्रेमाची गोष्ट लिहिली म्हणून माणूस दिल्लीपर्यंत कोर्टात गेला," तुम्ही म्हणालात, "आणि तू एका चिठ्ठीने थांबतेस?"

मी नाही थांबले काकू. ती कथा वाढवूनच दुसरी कादंबरी झाली.

अजूनही ओळख करून देताना "हलकंफुलकं लिहितात" म्हणतात आणि मला अजूनही ते टोचतं. दोन माणसं एकमेकांवर विश्वास टाकायचं ठरवतात यात हलकं काय आहे? आमच्या ट्रेनमधली एक बाई, लग्नाला बावीस वर्षं झालेली, माझं पुस्तक वाचून म्हणाली की तिने नवऱ्याला पहिल्यांदा विचारलं, तू दिवसभरात जेवलास का नीट, आणि तो गप्पच झाला थोडा वेळ. ही बाई डोळ्यासमोर ठेवून मी लिहिते.

नाव छापायचं ठरवलं तेव्हा प्रकाशकांनी दोनदा विचारलं, नक्की ना. मला तुम्ही पुस्तकांचा क्रम बदललात तो दिवस आठवला आणि मी हो म्हटलं.

तुमची लायब्ररी बंद होऊन आता काही वर्षं झाली, तिथे मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे, मी त्या गल्लीतून जायचं टाळते. पण नव्या पुस्तकाची पहिली कॉपी तुमच्या घरी दिली तेव्हा तुम्ही चहा ठेवायच्या आधी शेवटचं पान उघडलंत आणि चष्मा सावरत कोपऱ्यात टिंब काढलंत, ते मी बघितलं. तुमच्यासमोर काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. थॅंक यू काकू. मनापासून.

पाचव्या कादंबरीचा पहिला खर्डा झालाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक वाचवत नाही म्हणून १८ पॉइंटमध्ये प्रिंट काढलीये, कागदाच्या एकाच बाजूला आणि खुणांसाठी मोठा समास सोडून. रविवारी घेऊन येते. मधे एका जागी ते दोघं पुन्हा बोलत नाहीयेत आणि मला वाटतंय त्यांनी बोलायला हवं, तेवढं बघा.

तुमची,
दोन पुस्तकांची मेंबर