नाव न सांगणाऱ्यांचे आभार

आमच्या घरात कशावरही एकमत होत नाही; जुनं सिनेमाचं गाणं लागलं की मात्र सगळे गप्प. आईला शब्द पाठ, बाबांना संगीतकार, काकाला मधल्या म्युझिकचा तुकडा न् तुकडा. (गातो बेसूर, पण ते असो.)

बाबांच्या कॅसेटची फीत तुटली तेव्हा एका अनोळखी गृहस्थांनी ती जोडून दिली. साधी चिकटपट्टी नको, तिचा डिंक टेपरेकॉर्डरच्या हेडला लागतो, म्हणून फीत जोडायची खास स्प्लायसिंग टेप वापरली. जोडापाशी गाणं किंचित अडखळतं. आता आम्हीही तिथे अडखळूनच गातो.

आईला आठवणारा एक अंतरा तर कुठेच सापडेना. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) जुन्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे सिनेमातलं एखादं कडवं रेकॉर्डवर येतच नसे. एका संग्राहकांनी सिनेमाच्या साउंडट्रॅकवरून नेमका तोच अंतरा काढून पाठवला. नाव विचारलं तर म्हणाले, ‘राहू द्या हो.’ आईने सगळ्यांना समोर बसवून तो ऐकवला, दोनदा!

या दोघांचे, १९५७पासून विविध भारतीच्या पडद्यामागे राबलेल्यांचे आणि तबकडीवर ज्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही त्या मेंडोलिन-अकॉर्डियनवाल्या वादकांचे मनापासून आभार. त्या अंतऱ्याआधीची बासरी कोणाची, हे कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. काका वाट बघतोय.