फुकटचे नोटेशन कोणत्या आवृत्तीचे?

मा. संपादक,
स. न.

नागपुरात व्हायोलिन, चेलो, पियानो शिकणारी मुले बाख-मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकारांचे नोटेशन इंटरनेटवरून उतरवून घेतात. फुकट मिळणारी प्रत बहुधा कॉपीराइट संपलेल्या जुन्या आवृत्तीची असते आणि तिच्यात बाखने न लिहिलेले पुष्कळ काही असते.

बाखच्या चेलोच्या सहा सुइट (नृत्यरचनांच्या मालिका) घ्या. त्याच्या हातची प्रत हरवली. उरल्या त्या नकला. त्यांतली सर्वांत महत्त्वाची त्याची पत्नी आना माग्दालेना हिची. पण तिचा स्लर (एका गजात जोडून वाजवायच्या स्वरांवरची वक्र रेषा) नेमका कोणत्या स्वरावर सुरू होतो नि कुठे संपतो, ते धड कळत नाही. एका गजात तीन स्वर घ्यायचे की चार, इथेच वादक अडतो. व्हायोलिनच्या एकल रचनांची मात्र बाखच्या हातची १७२० सालची प्रतही आहे आणि आना माग्दालेनाची नक्कलही. दोन्ही शेजारी ठेवल्या की तिचे स्लर जागचे सरकलेले दिसतात. म्हणूनच चेलोच्या नकलेतला प्रत्येक स्लर प्रमाण मानता येत नाही. जुन्या वादक-संपादकांनी तिथे आपले स्लर, बोटांचे आकडे, आवाजाच्या खुणा सरसकट घातल्या. बाखचे किती आणि आपले किती, हे सांगितले नाही.

भांडारकर संस्थेच्या महाभारतात पाठभेद तळटीपेत दिसतात, तशीच शिस्त बाखच्या नव्या समग्र आवृत्तीत (१९५४ ते २००७) आहे. संपादकाने घातलेला स्लर तुटक रेषेचा, इतर खुणा बारीक टायपात आणि कारणमीमांसा स्वतंत्र अहवाल-खंडात. नेमका हा अहवालच झेरॉक्स काढताना राहून जातो.

मोझार्टची नवी समग्र आवृत्ती अहवालांसह २००६ पासून इंटरनेटवर अभ्यासासाठी मोफत आहे. अहवाल जर्मन भाषेत असले तरी नोंदी बारच्या (नोटेशनमध्ये उभ्या रेषांनी पाडलेल्या तालखंडाच्या) क्रमांकाने असतात, शब्दकोश घेऊन बसले की वाट सापडते. ही आवृत्तीही अखेरची नव्हे: ए मेजर पियानो सोनाटाची (कोशेलच्या मोझार्ट-सूचीत क्र. ३३१) मोझार्टच्या हातची चार पाने २०१४ मध्ये बुडापेस्टला सापडली, ती आवृत्तीच्या संपादकांपुढे नव्हती.

शिक्षकांनी मुलांच्या हातात नोटेशन देण्यापूर्वी संपादकाचे नाव आणि साल पाहावे. दोन्ही नसतील तर ती प्रत बाजूला ठेवावी. स्लरवर अडले तर आना माग्दालेनाच्या नकलेचे स्कॅन इंटरनेटवर खुले आहे, तो बार तिथे पाहावा. शहरातल्या ग्रंथालयांना बाखचा पूर्ण संच परवडणार नाही, हे मान्य. पण एकल व्हायोलिन आणि चेलोचे खंड तरी त्यांनी घ्यावेत, आणि मागणी नोंदवताना अहवाल-खंड वेगळा मागावा. तो आपोआप सोबत येत नाही.

— पाश्चात्त्य संगीताचे काही शिक्षक, नागपूर