कुरळ्या केसांना निगा हवी, इस्त्री नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आमच्या कोकणात पार्लरांच्या दारांवर केस सरळ करून देण्याच्या सवलतींचे फलक लागतात आणि कुरळ्या केसांच्या मुलींना आपल्यातच काही दोष आहे असे वाटू लागते. वास्तविक हवेतील बाष्प केसांत शिरले की केराटिन या केसांतील मुख्य प्रथिनामधले हायड्रोजन बंध सुटून नव्याने जुळतात आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेला वळतो. त्यातच टाळूचे तेल वळणावळणाच्या केसाच्या टोकापर्यंत सहज पोहोचत नसल्याने असे केस मुळात कोरडे असतात.

मी शिक्षिका आहे. ‘जा, आधी केस विंचरून ये’ असे भर वर्गात मुलीला सुनावलेले मी ऐकले आहे, आणि ती मुलगी केस विंचरूनच आलेली होती! कुरळे केस कोरडे असताना बारीक दातांच्या फणीने विंचरले की बटा फुटतात आणि केस अधिकच पिंजारतात. ते ओले असताना, कंडिशनर लावलेले असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे सोडवावेत, आणि टॉवेलने खसाखसा न पुसता मऊ सुती पंचाने पाणी टिपून घ्यावे. न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याची आपली जुनी रीतही योग्यच आहे, कारण ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. बटा बांधून ठेवायला जवसाचा घरगुती जेल पुरतो: जवस पाण्यात उकळून, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरू लागताच गरम असतानाच गाळावे, कारण निवल्यावर ते कापडातून उतरत नाही.

केस सरळ करणाऱ्या काही रसायनांतून मात्र तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तो मानवी कर्करोगास कारणीभूत ठरवला आहे. बंद, वातानुकूलित खोलीत तो दिवसभर श्वासावाटे घेणाऱ्या पार्लरमधल्या मुलींची मला ग्राहकांहून अधिक काळजी वाटते. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ लिहिलेले असले, तरी घटकांमध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असल्यास इस्त्रीच्या उष्णतेने तोच वायू तयार होऊ शकतो.

अन्न व औषध प्रशासनाने पार्लरमधील या उत्पादनांची तपासणी करावी आणि ग्राहकाला घटकांची यादी आधी दाखवणे बंधनकारक करावे. आपल्या पुरवणीनेही सौंदर्यविषयक सदरात केस सरळ करण्याचे सल्ले छापताना हा धोका त्याच मजकुरात नमूद करावा, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, रत्नागिरी