बॉलपेनातली मॅक्नामींची सही

महोदय,

रेडिओच्या पहिल्या क्रीडा समालोचकांच्या सह्या घेताना किमतीआधी शाई पाहावी. अमेरिकी समालोचक ग्रॅहम मॅक्नामी १९४२ मध्ये वारले. तिथल्या दुकानांत बॉलपेन आले ऑक्टोबर १९४५ मध्ये! दहापट भिंगाखाली बॉलपेनची खाच दिसली की सौदा मोडावा. शाईपेनाची रेघ दाबानुसार जाड-बारीक होते, सहीच्या रबरी शिक्क्याची शाई कडेला साचते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला, तर तो बहुधा १९५० नंतरचा. न चमकल्यास सही खरीच असे नव्हे, जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून त्यांवर खोट्या सह्या करणारे महाभाग असतातच. आपले क्रिकेट समालोचक बॉबी तल्यारखान यांच्या सह्यांना ही कसोटी लागू नाही, ते १९९० पर्यंत हयात होते. तिथे त्याच काळातल्या खात्रीच्या सह्यांशी वळणे ताडावीत. आणि लॅमिनेशन कधीही नको.

– एक संग्राहक, पुणे